रीमाताईंची सासू

दिवाळी सरली की आमच्या सानगडीच्या आसपास मंडया भरू लागतात आणि झाडीपट्टीची नाटके रात्र रात्र रंगतात. घोंगडी काखेत मारून निघणाऱ्या बायकांत माझ्या सासूबाई सर्वांच्या पुढे. नट्यांविषयी त्यांचे मत मोठे कडक! म्हणून त्यांनी रीमा लागूंना एकदम पसंत केले याचे मला आजही नवल वाटते.

रीमाताई २१ जून १९५८ च्या. माहेरचे नाव नयन भडभडे, शाळा पुण्याची हुजूरपागा. आई मंदाकिनी भडभडे स्वतः रंगभूमीवरच्या. तेव्हा नाटक घरातच होते म्हणा ना. जयवंत दळवींच्या ‘पुरुष’मध्ये नाना पाटेकरांसमोर त्या उभ्या राहिल्या, ‘सविता दामोदर परांजपे’ही त्यांनी गाजवले. पण सिनेमाने या बाईंना फार लवकर म्हातारे केले. १९८९ साली ‘मैने प्यार किया’त त्या सलमान खानच्या आई झाल्या, तेव्हा वय अवघे एकतीस! पुढे १९९९ च्या ‘वास्तव’मध्ये संजय दत्तची आई. तो त्यांच्याहून जेमतेम एक वर्षाने लहान. आता काय म्हणावे?

मला वाटते, त्यांच्यातली खट्याळ बाई जपली ती दूरदर्शनच्या पडद्याने. १९९४ साली ‘हम आपके हैं कौन’मध्ये त्या माधुरीच्या सोज्ज्वळ आई होत्या, आणि त्याच वर्षी ‘श्रीमान श्रीमती’तल्या कोकिळा कुलकर्णी. नवरा शेजारच्या नटीवर लट्टू, नटीचा नवरा कोकिळेवर; आणि कोकिळेचा चेहरा असा निरागस, की हसून हसून आपल्याच पोटात दुखावे. त्याच साली सचिन पिळगांवकरांची ‘तू तू मैं मैं’ सुरू झाली. सासू देवकी म्हणजे रीमाताई, सून राधा म्हणजे सुप्रिया पिळगांवकर. दूरदर्शनवरून ती पुढे स्टार प्लसवर गेली आणि २००० पर्यंत चालली.

आमच्याकडे त्या वेळी सासूबाईंचा नि माझा अबोला असे. कारण बहुधा भाजीतले तिखट. मालिका लागली की दोघी एकाच सतरंजीवर, पण दोन टोकांना. देवकीने सुनेला टोमणा मारला की मी मुद्दाम मोठ्याने हसे. एकदा सासूबाई पदर तोंडाला लावून खूप हसल्या, नि मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “काहून वो, मी बी असीच करतो का?”

मी “नाही” म्हटले. खोटेच. त्यांनाही ते कळले, आणि त्या आणखीच हसल्या. त्यांना देवकीचा राग कधी आला नाही, कारण रीमाताईंनी ती सासू दुष्ट केलीच नाही. घर हातचे सुटेल या भीतीने भांडणारी, सुनेवाचून दिवस न जाणारी अशी ती बाई होती.

रीमाताई १८ मे २०१७ रोजी मुंबईत गेल्या, हृदयविकाराने. ‘नामकरण’ मालिकेत त्या तेव्हाही काम करीतच होत्या. सासूबाई त्याआधीच गेल्या होत्या. सासू आता मी झाले होते. बातमी मला सुनेने सांगितली. त्या रात्री आम्ही दोघींनी ‘तू तू मैं मैं’चा एक जुना भाग शोधून लावला. मध्येच सून हळूच माझ्याकडे पाहू लागली. मी म्हटले, “हसून घे, मला काही वाटत नाही.”