न मोजता दिलेला पैसा

१९५८ सालच्या सप्टेंबर महिन्यात कॅलिफोर्नियातील फ्रेस्नो या शहरी टपालातून एक अनाहूत भेट घरोघर पोहोचली. ‘बँक ऑफ अमेरिका’ने सुमारे ६० हजार रहिवाशांना, त्यांनी अर्ज केलेला नसतानाही, क्रेडिट कार्डे पाठविली होती. कार्ड दाखवून वस्तू घ्यावी आणि पैसे मागाहून, हवे तर व्याजासह हप्त्याहप्त्याने फेडावेत, अशी ती सोय. शंभरांतील चारेक खाती थकतील असा बँकेचा अंदाज होता, थकली बावीस. पुढे १९७० साली अशी न मागितलेली कार्डे पाठविण्यास अमेरिकेत कायद्याने बंदी आली. कार्ड मात्र टिकले आणि १९७६ पासून ते ‘व्हिसा’ या नावाने जगभर फिरू लागले.

या बँकेचा जन्म आठवला म्हणजे मन थोडे खिन्न होते. अमादेओ जान्निनी या इटालियन स्थलांतरिताच्या मुलाने ती १९०४ साली सान फ्रान्सिस्कोत, मोठ्या बँका दारात उभे करीत नसत अशा कष्टकऱ्यांसाठी काढली होती. आपल्या वसईतही १९१८ साली मोन्सिग्नोर पी. जे. मोनीस यांनी बॅसीन कॅथॉलिक बँकेचा पाया घातला. त्या काळातील सहकारी चळवळीचा सारा रोख सावकारीविरुद्ध होता. सहकारी संस्थेत कर्ज घ्यायचे तर कारण सांगावे लागे, जामीनदार शोधावा लागे. त्याच्यापुढे तोंड उघडताना माणूस दहादा विचार करी. या संकोचाने कित्येक अनावश्यक कर्जे उंबरठ्यावरच अडविली असतील, असे आम्हांस वाटते.

हा संकोच कार्डाने नाहीसा केला. ड्राझेन प्रेलेक व डंकन सिमेस्टर या दोन प्राध्यापकांनी २००१ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांकडून बास्केटबॉल सामन्याच्या तिकिटांसाठी बोली मागविली. रोख द्यावे लागेल असे सांगितलेल्यांच्या तुलनेत कार्डवाल्यांची सरासरी बोली जवळजवळ दुप्पट निघाली. नोटा मोजताना मनाला जी बोच लागते, ती कार्डाने बोथट होते, असे याविषयीचे अभ्यासक सांगतात.

आपल्याकडे २०१६ च्या एप्रिलमध्ये ‘यूपीआय’ आले. त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला पाचशे-हजारच्या नोटा रद्द झाल्या आणि लोक नाइलाजाने मोबाइलकडे वळले. २०२५ च्या ऑगस्ट महिन्यात यूपीआयचे व्यवहार २,००० कोटींवर गेले. या सोयीला नावे ठेवणे आम्हांस मान्य नाही. भाजीच्या टोपलीपुढे बसलेल्या बाईची सुट्ट्या पैशांची कटकट तिने मिटविली, आणि येथे खर्च होतो तो खात्यात असलेला स्वतःचाच पैसा. फ्रेस्नोसारखे ते कर्ज नव्हे. निदान आरंभी तरी नव्हते. २०२२ साली रिझर्व्ह बँकेने ‘रुपे’ क्रेडिट कार्डे यूपीआयला जोडण्याची मुभा दिली. आता मोबाइल तोच, दुकानातील चौकोनी खूणही तीच; देणारा मात्र कधी स्वतःचे देतो, कधी बँकेचे.

पूर्वी पासबुकाच्या एका पानात महिने निघत. आज ते भरून आणावे तर चहा-वडापावच्या वीस-तीस रुपयांच्या नोंदींनीच पाने संपतात, आणि त्या वाचीत बसण्याचा कंटाळा येतो. कार्डावर केलेला खर्च तर बिल चुकते होईपर्यंत त्या पानांवरही उमटत नाही.