लहान क्रियापदांचा पेंच

सन १८०८ मध्यें ‘फीटन’ हें इंग्रजी लढाऊ जहाज नागासाकी बंदरांत शिरलें आणि जपानी सरकारानें आपल्या डच दुभाष्यांस इंग्रजी शिकावयास लाविलें. १८१४ मध्यें त्यांनीं इंग्रजी-जपानी कोश सिद्ध केला. शास्त्रीय संज्ञांकरितां चिनी अक्षरें जोडून नवे शब्द घडवितां आले. अडचण पडली ती ‘हॅव्ह’सारख्या नित्याच्या क्रियापदांची. जपानींतही आपल्याप्रमाणेंच ‘मला मुलगा आहे’ अशी रचना स्वाभाविक. परंतु शब्दशः भाषांतरांमुळें ‘मोत्सु’, म्हणजे हातीं धरणें, हें क्रियापद त्या जागीं फोफावलें; ‘शब्दानें अर्थ हातीं धरला आहे’ अशीही वाक्यें लिहिलीं जाऊं लागलीं. म्हणून मी विद्यार्थ्यांस सांगत असें, ‘घरीं आईशीं कसें बोलाल तें आधीं मनांत म्हणा, मग भाषांतर लिहा.’