न अडवलेला गडी

साहित्याच्या वर्गात ‘वाचन’ हा शब्द आपण इतक्या सवयीने वापरतो की, त्याला वर्गाबाहेरही काही अर्थ असू शकतो याचा विसर पडतो. अमेरिकन महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅक नावाचा खेळाडू समोरच्या गड्याला ‘वाचतो’. हे वाचन एका सेकंदात उरकावे लागते आणि चुकले तर त्याची शिक्षा ताबडतोब, अंगावर मिळते.

या खेळाशी माझी ओळख मैदानावर झाली नाही. अमेरिकेत शिकणारा भाचा सुट्टीत घरी आला तेव्हा त्याने महाविद्यालयीन फुटबॉलचा व्हिडिओ गेम सोबत आणला होता. पहिले दोन दिवस तो खेळला नाहीच. नुसता संघ बांधत बसला. चौकशी केली तेव्हा म्हणाला, “मामा, चेंडू फेकायचाच नाही, नुसतं पळायचं, असा संघ करतोय. ही जुनी पद्धत आहे, आता फारसं कोणी खेळत नाही.” फारसे कोणी खेळत नाही ती पद्धत हा विशीतला मुलगा इतक्या निष्ठेने का जोपासतो आहे, या कुतूहलातून जे वाचन झाले, त्याचा हा गोषवारा.

खेळाची तोंडओळख आधी करून घ्यायला हवी. दोन्ही बाजूंना अकरा-अकरा गडी असतात. चेंडू ज्या बाजूकडे असतो तिला चार प्रयत्नांत किमान दहा यार्ड पुढे सरकावे लागते. ते साधले तर पुन्हा चार प्रयत्न मिळतात, एरवी चेंडू प्रतिपक्षाकडे जातो. प्रत्येक प्रयत्नाच्या आरंभी चेंडू बहुधा क्वार्टरबॅकच्या हाती येतो. तो चेंडू दूरच्या साथीदाराकडे फेकतो, नाहीतर मागे उभ्या असलेल्या धावपटूच्या पोटाशी देतो. धावपटूकडे चेंडू सोपवला की क्वार्टरबॅक जवळजवळ प्रेक्षकच होतो. म्हणजे चेंडू घेऊन धावणारा एक आणि देऊन मोकळा झालेला एक वजा करता अडवण्यासाठी उरतात नऊ. समोर मात्र अकरा. बलाढ्य संघ ही तूट अंगबळावर भरून काढतो. दुबळ्या संघाने काय करावे?

‘ऑप्शन’ हे त्या प्रश्नाचे उत्तर आहे. प्रतिपक्षाच्या दोन गड्यांना येथे मुद्दामच कोणी अडवत नाही. त्यांना अडवण्यात खर्च होणारे आपले गडी इतरांना अडवायला मोकळे होतात आणि हिशेब बरोबरीच्या जवळ येतो. न अडवलेल्यांपैकी पहिला गडी आघाडीच्या फळीच्या टोकाकडचा असतो. क्वार्टरबॅक चेंडू फुलबॅकच्या पोटाशी नेतो, पण लगेच सोडत नाही. त्याची नजर या गड्यावर असते. गडी आत वळला तर चेंडू काढून घ्यायचा आणि स्वतः बाहेरच्या बाजूने धावायचे. तो बाहेर थांबला तर चेंडू फुलबॅकला देऊन टाकायचा. बाहेर धावताना दुसरा न अडवलेला गडी भेटतो. तो क्वार्टरबॅकच्या अंगावर आला तर काही यार्डांवर समांतर धावणाऱ्या साथीदाराकडे चेंडू अलगद उडवायचा. तो त्या साथीदाराच्या मागे गेला तर क्वार्टरबॅकने स्वतः आत घुसायचे. समोरचा जे करील त्याच्या उलट करायचे, एवढेच या पद्धतीचे सूत्र. नेमकी कोणती चाल खेळली गेली हे चाल संपल्यावरच ठरते. संहिता एक आणि तिचे तीन शेवट, आणि शेवट ठरवणारा माणूस विरुद्ध बाजूचा.

या विद्येचा इतिहास पाहिला की आपल्याकडील घराण्यांची आठवण होते. मिझुरी विद्यापीठाचे प्रशिक्षक डॉन फॉरो यांनी १९४१ मध्ये ‘स्प्लिट-टी’ नावाची रचना मैदानात आणली. ते विद्यार्थिदशेत बास्केटबॉलही खेळलेले होते. बास्केटबॉलमध्ये दोन आक्रमक एका बचावपटूवर चालून गेले की तो कुणा एकाचीच वाट अडवू शकतो. ही साधी गोष्ट त्यांनी फुटबॉलमध्ये आणली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ते आयोवा येथील नौदलाच्या वैमानिक-प्रशिक्षण शाळेच्या संघाचे प्रशिक्षक झाले. तेथे बड विल्किन्सन आणि जिम टेटम हे त्यांचे सहायक होते. त्यांनी ही विद्या आत्मसात केली आणि युद्धानंतर आपापल्या वाटेने नेली. विल्किन्सन यांच्या ओक्लाहोमा संघाने १९५३ ते १९५७ या काळात सलग ४७ सामने जिंकले. टेटम यांच्या मेरीलँड संघाला १९५४ आणि १९५६ च्या ऑरेंज बोल सामन्यांत याच ओक्लाहोमाने हरवले आणि खुद्द फॉरो यांच्या मिझुरीलाही वर्षानुवर्षे त्यांच्याकडून हार पत्करावी लागली.

शिष्याने गुरूला हरवण्याचा हा प्रकार पुढच्या पिढीतही घडला. १९६० च्या दशकाच्या मध्यावर बिल योमन यांनी ह्यूस्टन विद्यापीठात ‘व्हीअर’ ही रचना विकसित केली. १९६८ मध्ये टेक्सास विद्यापीठात डॅरेल रॉयल यांचे सहायक एमरी बेलार्ड यांनी क्वार्टरबॅकच्या मागे तीन धावपटू अशा रीतीने उभे केले की वरून पाहताना इंग्रजी ‘वाय’ अक्षराचा आकार दिसावा. कोंबडीच्या छातीतील त्याच आकाराच्या हाडावरून तिला ‘विशबोन’ हे नाव पडले. पहिला सामना बरोबरीत सुटला, दुसरा संघ हरला आणि त्यानंतर टेक्सासने सलग ३० सामने जिंकले. गंमत अशी की, रॉयल यांनी ही रचना झाकून ठेवली नाही. शेजारच्या ओक्लाहोमाचा संघ अडचणीत असताना त्यांनी तेथील प्रशिक्षकांना ती समजून घेऊ दिली. अलाबामाचे बेअर ब्रायंट मदत मागत आले तेव्हा त्यांनाही दिली. ब्रायंट यांनी १९७१ च्या उन्हाळ्यात गुप्तपणे सराव करून घेतला आणि पहिल्याच सामन्यात सदर्न कॅलिफोर्नियाला १७–१० असे हरवले. ओक्लाहोमाने त्याच मोसमात प्रत्येक सामन्यामागे सरासरी ४७२.४ यार्ड धावून काढले. आणि १९७१ ते १९७५ अशी सलग पाच वर्षे टेक्सासला हरवले. ज्ञान दिल्याने वाढते हे सुभाषित आपण मुलांना सांगतो. देणाऱ्याला त्याची काय किंमत मोजावी लागते, ते मात्र सांगत नाही.

या इतिहासाला आणखी एक बाजू आहे आणि ती वगळली तर हा इतिहास केवळ डावपेचांची वंशावळ होऊन राहील. १९६९ चा टेक्सासचा विजेता संघ हा, मुख्य संघात एकही कृष्णवर्णीय खेळाडू नसलेला अखेरचा राष्ट्रीय विजेता संघ मानला जातो. क्वार्टरबॅकची जागा ही विचार करणाऱ्याची जागा आणि ती कृष्णवर्णीयांना झेपणार नाही, हा पूर्वग्रह अमेरिकन फुटबॉलमध्ये दीर्घकाळ मुरलेला होता. अशा परिस्थितीत, क्षणार्धात निर्णय घेण्यावरच सारे अवलंबून असलेली विशबोन सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात ओक्लाहोमामध्ये थॉमस लॉट आणि नंतर जे. सी. वॉट्स या कृष्णवर्णीय क्वार्टरबॅकनी समर्थपणे चालवली. तरीही व्यावसायिक लीगला या वाचनकौशल्याचे मोल नव्हते. तिला हवा होता लांब चेंडू फेकणारा हात. वॉट्स यांना क्वार्टरबॅक म्हणून खेळण्यासाठी कॅनडात जावे लागले. पुढे ते अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाचे सदस्य झाले.

नेब्रास्काच्या टॉमी फ्रेझियरचे उदाहरण अधिक बोलके आहे. टॉम ऑस्बर्न यांच्या मार्गदर्शनाखाली नेब्रास्काने ऑप्शनच्या आधारे १९९४, १९९५ आणि १९९७ अशी तीन राष्ट्रीय विजेतेपदे मिळवली. १९९५ च्या मोसमाअखेरच्या फिएस्टा बोलमध्ये फ्लोरिडाचा ६२–२४ असा पराभव करताना त्या संघाने ५२४ यार्ड धावून काढले. त्या सामन्यातील फ्रेझियरची अनेकांच्या हातून निसटत केलेली ७५ यार्डांची धाव आजही दाखवली जाते. पण व्यावसायिक संघांच्या निवडीत त्याला कोणीही घेतले नाही. रक्ताच्या गुठळ्यांचा त्याचा आजार हे त्याचे एक कारण होते. ऑप्शन खेळणाऱ्यांविषयीची जुनी अढीही होतीच.

मोठ्या विद्यापीठांनी ही पद्धत एकेक करून सोडली. नेब्रास्काने २००४ पासून वेगळा मार्ग धरला. जॉर्जिया टेकमध्ये पॉल जॉन्सन यांनी ती २००८ पासून चालवली आणि २०१८ च्या मोसमानंतर ते निवृत्त होताच तीही वाट बंद झाली. ती टिकली मुख्यतः लष्करी अकादमींत. पदवीनंतर सैन्यात सेवा करण्याचे बंधन असल्याने आणि शरीराच्या वजनालाही मर्यादा असल्याने तेथे अवाढव्य, व्यावसायिक होऊ पाहणारे खेळाडू सहसा येत नाहीत. त्यांच्यासाठी अंकगणित हेच शस्त्र. नौदल अकादमीने २००७ मध्ये नोत्र दामला तीन जादा डावांनंतर ४६–४४ असे हरवून ४३ सलग पराभवांची मालिका खंडित केली, ती याच शस्त्राने. २०२४ मध्ये लष्कराच्या अकादमीने आपल्या इतिहासातील पहिले कॉन्फरन्स विजेतेपद मिळवले. त्या मोसमात त्यांचा क्वार्टरबॅक ब्रायसन डेली याने स्वतः धावून ३२ टचडाउन केले.

आता भाच्याच्या पडद्याकडे येऊ. ऑप्शनचा संघ बांधायचा तर गेममध्ये आधी माणसे पारखावी लागतात. इतरांना हवा तसा दूर फेकणारा क्वार्टरबॅक त्याला नको होता; चपळ आणि चेंडू न सांडणारा हवा होता. फुलबॅक आडदांड, कडेचे धावपटू वेगवान आणि अडवणारे गडी जाडजूड असण्यापेक्षा हलणारे. मग चालींची वही. तिच्यात चाली थोड्याच; पण एकाच मांडणीतून निघणाऱ्या, म्हणजे प्रतिपक्षाला आरंभ पाहून शेवट कळू नये अशा. आतल्या बाजूची एक, टोकाकडची एक, दिशा उलटवणारी एक. आणि पाठीमागचे बचावपटू धाव रोखण्यासाठी फार पुढे सरकू लागले की त्यांच्या डोक्यावरून चेंडू फेकण्याची एखादी. प्रत्यक्ष चालीत एक बटण दाबून धरले तर चेंडू फुलबॅककडे जातो, सोडले तर क्वार्टरबॅककडे राहतो, आणि दुसरे बटण दाबले की बाजूच्या साथीदाराकडे उडतो. फॉरो यांनी मांडलेली निवड आता अंगठ्याखाली आली आहे. पहिल्या संध्याकाळी भाचा सारखा हरत होता. चूक एकच: गडी काय करतो ते पाहण्याआधीच त्याचा निर्णय झालेला असे. हे ऐकून मला आमचे काही विद्यार्थी आठवले, आणि प्रामाणिकपणे सांगायचे तर काही समीक्षकही.

मैदानावरून हटलेली एक परंपरा गेमने जिवंत ठेवली, असे म्हणून हा लेख येथे संपवता आला असता. पण या दप्तरखान्याचाही एक इतिहास आहे. इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या कंपनीच्या महाविद्यालयीन फुटबॉलच्या गेममध्ये वर्षानुवर्षे खऱ्या खेळाडूंशी मिळतेजुळते गडी असत. उंची, वजन, जागा, अंगावरचा क्रमांक जुळे. नाव तेवढे नसे. नाव घातले असते तर खेळाडूला काही द्यावे लागले असते आणि महाविद्यालयीन खेळाडूने मोबदला घेऊ नये असा नियम होता. २००९ मध्ये एड ओबॅनन या माजी बास्केटबॉलपटूने आपली प्रतिमा गेममध्ये पाहून दावा दाखल केला. त्याच वर्षी सॅम केलर या क्वार्टरबॅकनेही दावा केला. हा केलर शेवटचा खेळला तो नेब्रास्कासाठी, त्या विद्यापीठाने ऑप्शन सोडून दिल्यानंतरच्या काळात. जुलै २०१३ मध्ये आलेल्या आवृत्तीनंतर ही मालिका थांबली. खेळाडूंना तडजोडीपोटी ६ कोटी डॉलर देण्याचे ठरले. २०२१ मध्ये स्वतःच्या नावावर आणि प्रतिमेवर कमाई करण्याची मुभा खेळाडूंना मिळाली आणि २०२४ मध्ये गेम परत आला तो नावांसह. संमती देणाऱ्या प्रत्येकाला ६०० डॉलर आणि गेमची एक प्रत देऊ करण्यात आली. दहा हजारांहून अधिक खेळाडूंनी होकार दिला.

नावे आली, मोबदलाही आला, थोडा का होईना. तरी एक गोष्ट पडद्यावर येत नाही. ऑप्शनमध्ये फुलबॅकला चेंडू नसतानाही जवळपास प्रत्येक चालीत मार खावा लागतो, कारण तो त्याच्याकडे नाही हे समोरच्याला कळता कामा नये. क्वार्टरबॅक चेंडू उडवतो तो बहुधा अंगावर येणाऱ्याला शेवटच्या क्षणापर्यंत आपल्याकडे ओढून. चेंडू निसटतो, आघात त्याच्याकडे राहतो. अडवणारे गडी प्रतिपक्षाच्या कमरेखाली झेपावत. २०२२ मध्ये या प्रकारावर कडक मर्यादा आल्या आणि त्याचा फटका ऑप्शन खेळणाऱ्या संघांनाच सर्वाधिक बसला. डावपेच म्हणून जे सुंदर दिसते ते विशीतल्या मुलांच्या गुडघ्यांवर आणि खांद्यांवर उभे होते, आणि त्यांतील बहुतेकांना पुढे त्यातून काही मिळणार नव्हते.

जाण्याच्या आदल्या रात्री भाच्याने मला एक चाल खेळायला लावली. मी न अडवलेल्या गड्याकडे पाहत राहिलो, तो अंगावर आला, आणि बटण दाबून मी चेंडू बाजूला उडवला. साथीदार पुढे पळत गेला, भाच्याने टाळी दिली. माझी नजर मात्र मागे, मैदानावर आडव्या पडलेल्या क्वार्टरबॅककडे होती. पडद्यावरचा तो मुलगा क्षणात उठून उभा राहिला. त्याच्या पाठीवर नाव होते.