सिमुल्ला, तिमूला आणि चेमुल

रोमन साम्राज्याशी चाललेल्या व्यापाराचा विचार करताना कोकणातील बंदरे त्या व्यापारानेच जन्मास घातली असे गृहीत धरण्याची प्रवृत्ती आढळते. रायगड जिल्ह्यातील कुंडलिका नदीच्या मुखाशी वसलेल्या चौलच्या बाबतीत तरी हे गृहीत तपासून पाहणे आवश्यक आहे. आणि त्यासाठी नाण्यांइतकाच त्या स्थळाच्या नावाचा पुरावा मोलाचा आहे.

इ. स. च्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’चा अनामिक कर्ता कल्याणनंतरच्या बंदरांत ‘सेमुल्ला’चा प्रथम उल्लेख करतो. सुमारे शतकानंतर टॉलेमी ‘सिमुल्ला’ असे नाव देतो. पण स्थानिक लोक या स्थळास ‘तिमूला’ म्हणतात, अशीही पुस्ती जोडतो. तेथे जाऊन दीर्घकाळ वावरलेल्या प्रवाशांकडून ही माहिती त्यास मिळाली होती. तिच्याच आधारे त्याने मारिनसची चूक दुरुस्त केली व हे बंदर सिंधुमुखाच्या पश्चिमेस नसून दक्षिणेस असल्याचे नोंदविले.

स आणि त यांचा हा घोळ वरवर पाहता चमत्कारिक वाटतो. वस्तुतः तो एकाच ध्वनीचा आहे. ग्रीक भाषेत च हा वर्ण नाही. चंद्रगुप्ताचा ‘सांद्रोकोत्तोस’ झाला तेव्हा च च्या जागी स आला. उज्जयिनीच्या चष्टनास टॉलेमी ‘तियास्तनेस’ म्हणतो, तेथे ‘ति’ आला. तेव्हा सिमुल्ला व तिमूला या दोन्ही रूपांमागे च ने आरंभ होणारे एकच मूळ नाव असले पाहिजे. कान्हेरीच्या ब्राह्मी लेखांत ते ‘चेमुल’ असे प्रत्यक्ष सापडते. पुढे अरबांनाही च ने असेच अडविले. दहाव्या शतकात येथे आलेला मसूदी ‘सैमूर’ लिहितो. ग्राम-गाव, नाम-नाव यांत स्वरमध्यस्थ म चा व होतो, त्याच नियमाने चेमुलचे चेंवुल, चेऊल आणि अखेर चौल झाले.

म्हणजे नाव परक्यांनी दिलेले नाही. त्यांनी ते ऐकले आणि आपल्या जिभेस पेलेल तसे लिहिले. ‘पेरिप्लस’ याच किनाऱ्यावर पुढे ‘बिझंतिओन’ नावाचे एक बंदर सांगतो. त्यावरून ग्रीक वसाहतीची कल्पना लढविण्याचा मोह होतो. पण काही अभ्यासकांनी त्यात ‘वैजयंती’ ओळखली आहे, हे ध्यानी घेतल्यास तो मोह आवरावा हेच बरे.

नावावरून बंदराचे वय मात्र ठरत नाही. ते काम उत्खननाचे आहे. डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनी चालू शतकाच्या आरंभी चौल येथे केलेल्या संशोधनात सातवाहनकालीन वस्तीचे अवशेष उजेडात आले असून दोन कानांच्या रोमन मद्यकुंभांची खापरेही मिळाली आहेत. हे कुंभ ज्या गलबतांतून आले ती पावसाळी वाऱ्यांच्या आधाराने येत. त्यांना लागणारा माल मात्र सह्याद्रीच्या घाटांतून उतरे. बोरघाटाच्या माथ्याजवळील कार्ल्याच्या चैत्यात धेनुकाकट येथील यवनांनी स्तंभ दान केल्याचे लेख आहेत. त्यांपैकी काहींची नावे भारतीय आहेत. चौलचे नाव यवनांच्या मुखात बदलले. घाटमाथ्यावर यवनांचीच नावे बदललेली दिसतात.