सोपाऱ्याचे बंदर आणि एशियाटिक सोसायटीची वाटचाल

मूर्तिजापूरहून मुंबईला निघालेल्या वऱ्हाडी माणसाच्या लेखी कल्याण म्हणजे सामान आवरायचे स्टेशन. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात हेच कल्याण ‘कॅलिएना’ म्हणून येते. त्याच्या जोडीला ‘सुप्पारा’ आहे, म्हणजे आजच्या नालासोपाऱ्याजवळचे सोपारा. रोमन साम्राज्याशी चाललेल्या समुद्री व्यापाराचा हा काळ. तेरचे साधे कापड गाड्यांत भरून भडोचला जाते, असेही त्या दर्यावर्दी लेखकाने नोंदवले आहे. अचलपूर-यवतमाळचा कापूस मूर्तिजापूरला उतरवणारी शकुंतला रेल्वे पाहिलेल्यांना घाटमाथा आणि किनारा यांचे हे नाते वेगळे समजावून सांगायला नको.

सोपारा हे नाव ग्रंथात होते. ते बंदर जमिनीवर शोधण्याच्या कामात एका संस्थेचा मोठा वाटा आहे. २६ नोव्हेंबर १८०४ रोजी परळ येथे सर जेम्स मॅकिंटॉश यांच्या पुढाकाराने ‘लिटररी सोसायटी ऑफ बॉम्बे’ स्थापन झाली. पुढे ती लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीची मुंबई शाखा झाली आणि टाउन हॉलमध्ये स्थिरावली. हा सारा कारभार युरोपियन मंडळींचा. भारतीय माणसाला सदस्यत्व मिळायला १८४० साल उजाडले. माणेकजी कर्सेटजी हे ते पहिले सदस्य. १८४१ पासून संस्थेचे नियतकालिक निघू लागले. १८७३ मध्ये मुंबईची जिऑग्राफिकल सोसायटी तिच्यात विलीन झाली आणि ग्रंथांना भूगोलाच्या अभ्यासाची जोड मिळाली.

दरम्यान कामाची तऱ्हाही पालटत होती. सोसायटीतले डॉ. भाऊ दाजी लाड शिलालेख वाचत होते. त्यांनी जुनागढच्या भगवानलाल इंद्रजींना हाताशी घेतले आणि ठसे, नकला आणायला देशभर धाडले. ग्रंथालयात बसून करायची विद्या अशी पायी हिंडू लागली.

एप्रिल १८८२ मध्ये भगवानलाल सोपाऱ्याला पोचले. गावकरी एका टेकाडाला ‘बुरूड राजाचा कोट’ म्हणत. तिथे खणल्यावर स्तूप निघाला. त्याच्या पोटात दगडी पेटी होती. पेटीत तांब्याचा करंडक आणि भोवती बुद्धांच्या आठ कांस्यमूर्ती. तांब्याच्या आत चांदीचा, त्यात दगडाचा, त्यात स्फटिकाचा आणि सर्वांत आत सोन्याचा, असे एकात एक करंडक. सोन्याच्या करंडकात मातीच्या भांड्याचे १३ तुकडे होते. ते बुद्धाच्या भिक्षापात्राचे, असे भगवानलालांचे मत. सोबत सोन्याची फुले आणि सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णी याचे चांदीचे नाणेही होते. मूर्ती बऱ्याच नंतरच्या, साधारण आठव्या-नवव्या शतकातल्या. म्हणजे बंदराचा भर ओसरल्यावरही इथली श्रद्धा टिकून होती. हा ठेवा सोसायटीकडे आला आणि भगवानलालांचा सविस्तर वृत्तान्त तिच्या नियतकालिकात छापला गेला.

त्याच वर्षी भातेला तलावाजवळ, जुन्या बंदराच्या भागात, अशोकाच्या आठव्या शिलाशासनाचा तुकडा मिळाला. शिकारीच्या सहली सोडून राजा धर्मयात्रेला निघाला, हा त्या शासनाचा विषय. १९५६ मध्ये भुईगावला नवव्या शासनाचा तुकडा हाती आला.

तलावाजवळ बंदर कसे, याचे उत्तर भूगोलात आहे. उत्तरेला वैतरणा, दक्षिणेला वसईची खाडी आणि दोहोंना जोडणारी सोपाऱ्याची खाडी. तिच्यामुळे वसई बेट होते. उघड्या समुद्राचा मारा टाळून गलबते आत येत आणि आडोशाला नांगर टाकत. गाळ साचत गेला, तशी खाडी उथळ झाली, पाणी तुटले आणि बंदराच्या जागी शेते व तळी उरली.

बंदर म्हटले की वाटसरूंची सोय आलीच. नाशिकच्या लेण्यांतील लेखात क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याने भडोच, दशपूर, गोवर्धन आणि शूर्पारक येथे धर्मशाळा बांधल्याची नोंद आहे. शूर्पारक म्हणजे हेच सोपारा. मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्यात मामाकडे वाढलेल्या गाडगेबाबांनी नाशिकलाच धर्मशाळा उभारली, हे आठवले की त्या दानाची थोरवी चटकन कळते.

स्वातंत्र्यानंतर ही शाखा ‘एशियाटिक सोसायटी ऑफ बॉम्बे’ या स्वतंत्र नावाने उभी राहिली. २००२ पासून ती ‘एशियाटिक सोसायटी ऑफ मुंबई’ आहे. ‘ग्रंथसंजीवनी’ उपक्रमातून तिने दुर्मीळ ग्रंथ डिजिटल केले आहेत. दोनशे वर्षांच्या या वाटचालीत संस्थेची खरी प्रगती कुठे झाली, तर दार उघडण्यात. माणेकजींसाठी ते उशिरा उघडले. पण उघडले म्हणूनच भाऊ दाजींची परंपरा उभी राहिली आणि भगवानलालांसारखा पदवी नसलेला संशोधक गावकऱ्यांच्या टेकाडापर्यंत पोचला. ग्रीक ग्रंथातले सुप्पारा ओळखायला बुरूड राजाचा कोट माहीत असलेली माणसेही लागली.