फोटो ‘ब्लर’ आहे म्हणजे नेमकं काय? मित्राला असं सांगा

‘मस्त!’ किंवा ‘ब्लर आलाय’ एवढ्यावर कुणाचा पुढचा फोटो सुधारत नाही. मी आधी मूळ फाइल व्हॉट्सॲपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागतो. नेहमीसारखा पाठवला की फोटो कॉम्प्रेस होतो, शटर स्पीडची नोंदही गळते. गुगल फोटोजमध्ये फोटो वर सरकवला की ती दिसते.

मग झूम करा. सगळंच हललंय? हात हलला. मागची भिंत स्पष्ट, पण नाचणारी मुलगी पुसट? शटर १/१५ सेकंद असेल तर ती हललीच असणार. प्रो मोडमध्ये १/२५० सुचवा, फोटो काळपट आला तर उजेड वाढवायला सांगा. मुलगी स्थिर बसली असूनही पुसट असेल, तर फोकस भिंतीवर गेलाय. चेहऱ्यावर टॅप करायचं.

रंग आवडले नाहीत, तर ‘मला’ असं म्हणूनच सांगा. ती चूक नव्हे.