साडेपाच मीटरचं स्वयंपाकघर

पाच कोपेकचं नाणं फटीत टाका आणि लगेच पुढं व्हा. रेंगाळलात तर मागच्या बाईची बटाट्यांनी भरलेली जाळीची पिशवी तुमच्या पोटरीवर आदळेल. तारीख 25 नोव्हेंबर 1962, वार रविवार. मॉस्को मेट्रोची ही शाखा गेल्या महिन्याच्या 13 तारखेला सुरू झाली. तिच्या शेवटच्या स्टेशनावर, नोव्हिये चेर्योमुश्कीला, तुम्ही उतरता. फलाटावर झुंबरं शोधू नका. ती स्टालिनच्या काळातल्या, शहराच्या मधल्या स्टेशनांवर राहिली. इथं दोन ओळींत साधे खांब, भिंतींना टाइल्स, संपलं काम. कमी खर्चात आणि लवकर उरकायचं, हा ख्रुश्चेवच्या राजवटीचा हिशेब आहे. तो आज तुम्हाला जेवणाच्या ताटातही भेटणार आहे.

वर या. दुपारचे दोन वाजलेत आणि उजेड आत्ताच मावळतीचा वाटतोय; चारच्या सुमारास अंधार पडेल. पायाखाली बर्फ आणि चिखलाचा रबडा. जिकडं पाहाल तिकडं पाच मजली, एकीला झाकावं आणि दुसरीला काढावं अशा इमारती. कारखान्यात भिंती ओतायच्या, ट्रकवर लादून आणायच्या, क्रेननं उभ्या करायच्या. लिफ्ट नाही, कारण पाच मजल्यांना लिफ्ट लागत नाही असं वरून ठरलं. 1957 च्या जुलैत घरबांधणीचा मोठा सरकारी ठराव झाला, तेव्हापासून ही धांदल चाललीय. शोस्ताकोविचसारख्या संगीतकारानं या वस्तीवर एक विनोदी संगीतिकाही लिहून टाकली.

पण आधी दुकान. तळमजल्यावरच्या गॅस्ट्रोनोममध्ये शिरा. एकाच वस्तूसाठी तीनदा उभं राहायचं, याची तयारी ठेवा. पहिल्यांदा काउंटरवर वजन करून किंमत विचारायची. मग कॅशियरकडं रांग लावायची. ती मण्यांच्या पाटीवर खटाखट हिशेब करते आणि चिठ्ठी देते. ती चिठ्ठी घेऊन परत पहिल्या काउंटरवर. मांसाच्या काउंटरवर पांढऱ्या, आता फारशा पांढऱ्या न राहिलेल्या ॲप्रनमधला माणूस कुऱ्हाडीनं तुकडे पाडतोय. किलोला साधारण दोन रूबल. जूनच्या पहिल्या तारखेपासून मांस सरासरी तीस टक्क्यांनी आणि लोणी पंचवीस टक्क्यांनी महागलंय. ‘तात्पुरतं आहे’ असं वर्तमानपत्रात छापून आलं होतं. रांगेतल्या कुणी ते मनावर घेतलेलं दिसत नाही.

तुम्हाला मिळालेल्या गोमांसाच्या तुकड्यात हाड आहे, शीर आहे, एका कडेला पिवळट चरबी आहे. निवडायची सोय नाही, आणि इथं हुज्जत घालूही नका. त्याला जोड म्हणून डुकराच्या मांसाचा लहानसा तुकडा घ्या, आणि मग दुधाच्या काउंटरवर स्मेतानाच्या रांगेत उभे राहा. स्मेताना म्हणजे विरजलेली घट्ट साय. ती उंच कॅनमधून डावानं काढून देतात. बरणी आपली आपण न्यायची. विक्रेती आधी रिकामी बरणी तोलते, मग भरलेली. तुमच्या पुढच्या म्हाताऱ्या बाई मान लांब करून डाव बघतायत. स्मेताना डावावरून सावकाश, लोळत पडली तर ठीक. भसकन पडली तर आत कुणीतरी ताकासारखं पातळ केफिर ओतलंय असं समजायचं. हा मॉस्कोतला जुना संशय आहे आणि तो बऱ्याचदा खरा ठरतो.

या म्हाताऱ्या बाईंनीच तुम्हाला घरी बोलावलंय. चौथा मजला. दार उघडलं की दोन पावलांत तुम्ही स्वयंपाकघरात. साडेपाच चौरस मीटर, फार तर सहा. गॅसच्या शेगडीला चार बर्नर, एक सिंक, एक टेबल, तीन स्टुलं. चौथा माणूस आला तर त्यानं दारात उभं राहायचं. खिडकीखाली भिंतीत एक कपाट आहे. त्याची बाहेरची भिंत मुद्दाम पातळ ठेवलेली असते, म्हणजे हिवाळ्यात फ्रिजची गरज नाही. आजी बरणी त्यात ठेवतात आणि तुम्हाला म्हणतात, “बस इथं. कोट काढ. कांदा सोल.”

या खोलीला कमी लेखू नका. दोन वर्षांपूर्वीपर्यंत या बाई शहरात सामायिक फ्लॅटमध्ये होत्या. सात कुटुंबं आणि एक स्वयंपाकघर. प्रत्येकीचं टेबल वेगळं, प्रत्येकीचा दिवा वेगळा, त्याचं बटण आपापल्या खोलीत. शेगडीवर ठेवलेल्या पातेल्याकडं पाठ करायची नाही, आणि बोलायचं तर हवापाण्यावर. आज त्या आपल्या शेगडीवर आपलं पातेलं ठेवतात, दार लावून घेतात आणि मोठ्यानं बोलतात. हे सुख नेमकं किती मोठं आहे ते त्यांच्या बोलण्यातून हळूहळू लक्षात येईल. आत्ता कांदा.

टेबलाच्या कडेला त्यांनी खिमा करायचं यंत्र स्क्रूनं घट्ट आवळलंय. बिडाचं, जड, आणि अंगावर किंमत ओतलेली. इथं बऱ्याच वस्तूंवर ती अशी कोरलेलीच येते. मांसाच्या फोडी वरच्या तोंडातून घाला, लाकडी दांडक्यानं दाबा, दुसऱ्या हातानं दांडा फिरवा. पहिले चार फेरे हलके जातील. मग शीर पात्यात अडकेल, दांडा अडेल, टेबल तुमच्या अंगावर सरकेल. आजी उलटा एक फेरा द्यायला सांगतात आणि मांसामागून कांद्याची फोड सारतात. कांद्याच्या पाण्यानं वाट मोकळी होते आणि जाळीच्या भोकांतून लाल-पांढऱ्या शेवया बाहेर यायला लागतात. शेवटी त्या यंत्रात शिळ्या पावाचा तुकडा घालतात. आत राहिलेलं मांस पाव पुढं ढकलतो, आणि भोकातून नुसता पाव डोकावला की थांबायचं. चमचाभरही खिमा वाया गेलेला नाही.

आता तांदूळ. अर्धा शिजवून, निथळून ठेवलेला. माप घराघरात असतं तेच, जाड काचेचा पैलूदार ग्लास. वरच्या पट्टीपर्यंत भरला तर दोनशे मिली, काठोकाठ भरला तर अडीचशे. अर्धा किलो खिम्याला अर्धा ग्लास कच्चा तांदूळ. तांदूळ मांसाला पुरवठा म्हणून येतो हे उघड आहे. दोन माणसांच्या मांसात चार माणसं जेवतात. पण तो आणखी एक काम करतो. नुसत्या खिम्याचा गोळा शिजताना आवळतो आणि चिवट होतो. भाताची शितं मधेमधे आली की तो आवळत नाही, रस पितो आणि फुगतो. तांदूळ कच्चाच घातला तर शिजताना शितं बाहेर काट्यांसारखी उभी राहतात; त्या प्रकाराला इथली मुलं साळिंदरासारख्या छोट्या काटेरी प्राण्याचं, ‘योझिकी’ हे नाव देतात. आजींना आज काटे नकोत. त्यांना तेफ्तेली हवीत, म्हणजे खिम्याचे गुळगुळीत, लहान लिंबाएवढे गोळे. मीठ, मिरी, एक अंडं, बस्स. मसाल्याचा डबा शोधू नका.

हात ओले करा, गोळे वळा, मैद्यात घोळवा. सूर्यफुलाच्या तेलात चहूबाजूंनी तांबूस होईपर्यंत परता. आतून शिजवायचे नाहीत, फक्त वर कवच धरू द्यायचं. गोळे पसरट पातेल्यात एका थरात मांडा.

सॉस करताना मात्र आजी तुम्हाला बाजूला करतात. त्याच तव्यावर चमचाभर मैदा घालून, रंग बदलायच्या आत, नुसता कच्चा वास जाईपर्यंत भाजतात. मग हाडांचं पाणी थोडं थोडं ओतून गुठळ्या मोडतात. चमचाभर टोमॅटोची पेस्ट. आणि मग स्मेताना, पण थेट नाही: आधी वाटीत काढून तिच्यात गरम रस्सा मिसळायचा, तिला कोमट करायचं आणि मगच तव्यात. स्मेताना आंबट आहे, आणि आंबट दूध तापलं की फाटतं. कढी करणाऱ्या माणसाला हे सांगायला नको. आपण बेसन लावतो, इथं मैदा. तो फिकट नारिंगी सॉस गोळ्यांवर ओता, गोळे निम्म्याहून थोडे वर बुडाले पाहिजेत. दोन तमालपत्रं. झाकण. आच इतकी मंद की पृष्ठभाग फक्त हलावा. अर्धा तास.

या अर्ध्या तासात तुम्ही फळीवरचं जाड पुस्तक खाली काढता. ‘चविष्ट आणि आरोग्यदायी अन्नाचं पुस्तक’. पहिली आवृत्ती 1939 ची, अन्नउद्योगाचं खातं सांभाळलेल्या मिकोयान यांच्या पुढाकारातली. आजींकडं आहे ती 1952 ची. रंगीत चित्रांत स्टर्जन मासा, कॅव्हियार, शॅम्पेनच्या बाटल्या, द्राक्षं. खालच्या दुकानातून तुम्ही आत्ताच आलाय, तेव्हा हसू दाबा. चाळता चाळता स्टालिनची अवतरणं लागतात. पुढच्या आवृत्त्यांतून ती गळली, आणि गेल्या वर्षी खुद्द त्याचा देह लेनिनच्या शेजारून हलवला. आजींनी पुस्तक बदललं नाही. “पाककृतींचा काय दोष?” असं त्या म्हणतात, आणि तेफ्तेलीसाठी त्यांनी ते कधी उघडलेलं नाही हेही लगेच सांगतात.

सून आतल्या खोलीतून येते. हातात निळ्या मुखपृष्ठाचं मासिक, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं. ‘नोव्ही मीर’चा अकरावा अंक. मैत्रिणीनं एका रात्रीपुरता दिलाय. आठच दिवसांपूर्वी आलेल्या या अंकात सोल्झेनित्सिन नावाच्या, कुणाला फारसं माहीत नसलेल्या शिक्षकाची ‘इव्हान देनिसोविचच्या आयुष्यातला एक दिवस’ ही कथा आहे. छळछावणीतल्या कैद्याची गोष्ट, सरकारी मासिकात. संपादक त्वार्दोव्स्की यांनी थेट ख्रुश्चेवची संमती मिळवली म्हणून छापली गेली. सून हलक्या आवाजात बोलते. आजी बोलत नाहीत. त्या झाकण उचलून एक गोळा चमच्यानं उलटतात आणि विचारतात, “छावणीत त्याला खायला काय देत होते, ते लिहिलंय का?” लिहिलंय. पानंच्या पानं लिहिलंय.

इथं तुमची पंचाईत आहे. तुम्हाला मागचंही ठाऊक आहे आणि पुढचंही. मांस महागलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी, 2 जूनला, दक्षिणेतल्या नोव्होचेर्कास्क शहरात कामगारांच्या मोर्च्यावर गोळीबार झाला आणि वीसहून अधिक माणसं मेली. या खोलीत ते कुणालाच माहीत नाही, आणि पुढची पंचवीस वर्षं उघडपणे छापून येणार नाही. सोल्झेनित्सिनला हाच देश 1974 मध्ये हाकलून देईल. तुम्ही बटाटे कुस्करा.

जेवायला बसा. कुस्करलेल्या बटाट्यावर लोणी, बाजूला चार गोळे, वर सॉस, खारवलेली काकडी, काळा पाव. वरून बारीक चिरलेला शेपू. हो, आपला भाजीचा शेपूच, इथं तो कोथिंबिरीच्या जागी असतो. काट्यानं गोळा दाबला की तो न सुटता सरकन दुभंगतो आणि आत शितं दिसतात. पहिल्या घासाला तो अळणी वाटेल. दुसऱ्याला आंबटपणा कळेल, तिसऱ्याला मिरी. मला विचाराल तर काकडीशिवाय हे खाऊ नये. खारट, करकरीत काहीतरी दातांखाली आलं की त्या मऊपणाची गंमत कळते.

आजी तुम्हाला हिंदुस्थानबद्दल विचारतात. राज कपूर बरा आहे ना? ‘आवारा’ इथं 1954 ला लागला होता, त्यांनी तो तीनदा पाहिला. आणि चीनशी चाललेली लढाई थांबली ना? थांबली, चार दिवसांपूर्वी. तिकडं महाराष्ट्रातून याच महिन्यात यशवंतराव संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेलेत. हे सगळं त्यांना समजावत बसू नका. “हिंदी-रूसी भाई-भाई” म्हणून त्या तुमच्या ताटात पाचवा गोळा टाकतील.

परतताना काळाच्या चौकांवर थोडं थांबा. सत्तरच्या दशकातल्या एखाद्या कारखान्याच्या कँटीनमध्ये तेफ्तेली मागवा, गोळ्यात पाव आणि भात सापडेल, मांसाचा नुसता उल्लेख. गुरुवारी तेही नाही. 1976 पासून गुरुवार माशांचा. 1990 च्या आसपास उतरलात तर मांसासाठी कुपन लागेल. आणि 2017 नंतर आलात तर चेर्योमुश्कीतल्या पाच मजली घरांवर हातोडा पडताना दिसेल. मॉस्को त्यांच्या जागी टॉवर बांधतंय.

आता घरी करून बघा. अर्धा किलो बकऱ्याचा खिमा घ्या, चरबी काढायला सांगू नका. अर्धी वाटी तांदूळ अर्धकच्चा शिजवून, एक कांदा किसून, एक अंडं. स्मेताना आपल्याकडं सहसा मिळत नाही. शंभर ग्रॅम आंबटसर चक्का आणि शंभर ग्रॅम ताजी साय एकत्र घोटली की काम भागतं. एक चमचा मैदा, एक चमचा टोमॅटो पेस्ट, दीड ग्लास हाडांचं पाणी. आलं-लसूण घालायचा मोह होईल, तो एवढ्या एका वेळेपुरता आवरा. दुसऱ्या दिवशी गरम करून खाल्लं तर जास्त चांगलं लागतं, म्हणून जरा जास्तच करा. आणि सोबत भात लावू नका, तो गोळ्यांत आहे. बटाटा घ्या किंवा पाव.